दूरचा खटका : नीराकांठच्या नियंत्रणाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु सामान्य माणसाचा दिवस ज्यांनीं पालटला त्या गोष्टींचा इतिहास बहुधा कोणी लिहीत नाहीं. घरांत घड्याळ केव्हां आलें, कंदील जाऊन विजेचा दिवा केव्हां लागला, आडावरची घागर जाऊन नळ केव्हां आला, यांच्या नोंदी बखरींत सांपडावयाच्या नाहींत. असाच एक पालट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, मुकाट्यानें घडून आला आहे. विहिरीवर किंवा नदीकांठीं बसविलेला विजेचा पंप चालू करावयास तेथवर चालत जाण्याची गरज आतां पुष्कळ शेतकऱ्यांस उरलेली नाहीं. घरीं ओसरीवर बसून मोबाईलचीं बटणें दाबलीं कीं दोन-तीन मैलांवरचा पंप चालू होतो, आणि पुन्हां दाबलीं कीं बंद होतो. मध्यें तार नाहीं, दोरी नाहीं, निरोप्या नाहीं.

शहरांत राहणाऱ्या वाचकास यांत फारसें नवल वाटणार नाहीं. मुंबई-पुण्याच्या कित्येक नव्या इमारतींत खोलींतून शेवटचा माणूस बाहेर पडला कीं दिवे आपोआप मावळतात, बाहेरचें ऊन वाढलें कीं थंड हवेचीं यंत्रें जोरानें चालूं लागतात, आणि हे निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे बिनतारी लहरींनीं जातात. भिंती न फोडतां जुन्या इमारतीलाही ही सोय लावतां येते, हा तिचा मोठा गुण. या विद्येचा हेतु दुहेरी सांगतात : माणसाचे कष्ट वांचावे आणि वीजही वांचावी. कष्ट वांचतात याविषयीं दुमत नाहीं. वीज वांचते कीं काय, आणि पंपाच्या बाबतींत विजेबरोबर पाणीही वांचतें कीं काय, हा मात्र तपासून पाहण्याचा विषय आहे. तो तपासावयास नीरेच्या खोऱ्याइतकें चांगलें स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कारण दूर असलेल्या पाण्याला दूरवरून लगाम घालण्याचा उद्योग तेथें सव्वाशेंहून अधिक वर्षें चालू आहे.

प्रथम या विद्येच्या जन्माकडे पाहूं. १८८३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत वॉरेन जॉन्सन नांवाच्या अध्यापकानें एक उपकरण पेटंट करून घेतलें. व्हाइटवॉटर येथील ज्या अध्यापनशाळेंत तो शिकवीत असे, तेथें हिवाळ्यांत वर्ग ऊबदार आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं शाळेच्या नोकरास खोलीखोलींत डोकवावें लागे, आणि मग तळघरांत उतरून भट्टीची झडप कमी-जास्त करावी लागे. त्यानें शिकविण्यांत व्यत्यय येई. जॉन्सननें खोलींतील उष्णतेची वर्दी विजेच्या तारेनें थेट तळघरांत पोंचविण्याची युक्ति काढली, आणि पुढें दोन वर्षांनीं त्या शोधाच्या बळावर एक कंपनी स्थापन केली. इमारतींच्या स्वयंनियंत्रणाचा धंदा तेथून सुरू होतो. त्याच्या मुळाशीं एका नोकराची पायपीट आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आपल्याकडील गोष्टीचें मूळही तसेंच आहे.

तारेवांचून दूरची वस्तु हलविण्याचा मान आपल्या देशाकडेही येतो. १८९५ सालीं आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत, मध्यें भिंती असतां, विद्युल्लहरींच्या योगानें दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें पाण्यांत सोडलेली एक लहानशी नौका त्याच रीतीनें हवी तिकडे वळवून दाखविली. दूरवर बोलणें आणि दूरचें काम करविणें हे बिनतारी विद्येचे दोन उपयोग असे जवळजवळ जुळेच जन्मास आले. परंतु पहिल्याचा बोलबाला झाला आणि दुसरा बराच काळ मागें राहिला. पुणें जिल्ह्यांतही प्रथम आला तो पहिलाच. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान बिनतारी संदेशांचा व्यवहार सुरू झाला, तेव्हां संदेश पाठविण्याचें केंद्र खडकीस आणि ते ग्रहण करण्याचें केंद्र दौंडास होतें. दौंड म्हणजे बारामती-इंदापूरचा शेजार. समुद्रापलीकडचे निरोप दौंडास उतरत होते त्या काळीं, तेथून दहा-पंधरा कोसांवरचा शेतकरी मात्र आपल्या चारीला पाणी केव्हां सुटेल हें पाटकऱ्याच्या तोंडून कळण्याची वाट पाहत असे.

हा पाटकरी कोण, आणि त्याच्या हातीं एवढें काय होतें, हें समजावयास आणखी मागें गेलें पाहिजे. बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील टापू. वर्षाकांठीं पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत लोकांस काम देण्यासाठीं सरकारनें जीं कामें काढलीं, त्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम होतें. १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें. वीर येथील बंधाऱ्यापासून निघून पुरंदर व बारामती तालुक्यांतून इंदापूर तालुक्यापर्यंत हा कालवा सुमारें शंभर मैल जातो. त्याला बारमाही पाणी मिळावें म्हणून भोरजवळ भाटघर येथें वेळवंडी नदीवर धरण बांधलें; तें १८९२ च्या सुमारास पुरें झालें. पुढें तेंही अपुरें पडलें, तेव्हां त्याच्या खालच्या अंगास अधिक उंच असें लॉइड धरण बांधण्यांत आलें व तें १९२८ सालीं पुरें झालें.

पाणी भाटघरास आणि शेत सणसर-निमगांवाकडे, अशा स्थितींत मधल्या प्रत्येक दारावर माणूस हवा. शेतकऱ्यानें अर्ज करावा, कचेरींतून मंजुरी यावी, पाळी लागावी, आणि मग पाटकऱ्यानें चारीचें दार उचलावें, असा तो क्रम. रात्रीं-अपरात्रीं पाणी सुटलें कीं शेतकऱ्यानें खोरें आणि कंदील घेऊन निघावें व उजाडेपर्यंत वाफ्यावाफ्यांतून पाणी फिरवीत बसावें; यालाच तिकडे दारें धरणें म्हणतात. दूरनियंत्रण म्हणतात तें हेंच. फक्त तारेच्या ठिकाणीं माणसांची सांखळी होती. सांखळींतील एखादा दुवा निजला, रागावला किंवा लांचावला, कीं शेवटच्या गांवाला पाणी पोंचत नसे.

माणसावरचा हा भरंवसा शक्य तेथें कमी करावा, हा विचार ज्या पुरुषाच्या मनांत सर्वांत स्पष्टपणें आला तो म्हणजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत झालें होतें आणि १८८४ सालापासून ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस होते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयांत पावसाळ्याअखेर आणखी पाणी सांठविण्यास सांडव्यावर दारें हवीं होतीं. परंतु पूर अचानक आला आणि दारें उघडावयास माणूस वेळीं पोंचला नाहीं तर धरणास धोका. त्यांनीं अशी दारें योजलीं कीं पाणी ठराविक पातळीवर चढलें म्हणजे पाण्याच्याच योगानें तीं उघडावीं, आणि पूर ओसरला म्हणजे मिटावीं. १९०३ सालीं तीं खडकवासल्यास बसलीं, आणि पाण्याची पातळी सुमारें आठ फूट अधिक राखतां येऊं लागली. या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें, परंतु सरकारी नोकरींत असतां केलेल्या कामावर मानधन घेण्याचें नाकारलें. पुढें ग्वाल्हेर व म्हैसूर संस्थानांतही हीं दारें वापरण्यांत आलीं.

परंतु नीराकांठीं त्यांनीं जें केलें तें यंत्राहून निराळ्या जातीचें होतें, आणि माझ्या मतें त्याची योग्यता अधिक आहे. १८९९ च्या सुमारास त्यांनीं दख्खनच्या कालव्यांची पाहणी केली, तेव्हां त्यांस असें दिसून आलें कीं कालव्याच्या वरच्या अंगास ज्यांचीं शेतें आहेत ते मनमुराद पाणी घेऊन ऊंस करतात, आणि खालच्या गांवांपर्यंत पाणी जातच नाहीं. दार कितीही चांगलें असलें तरी याला तें काय करणार? म्हणून त्यांनीं गट-पद्धति सुचविली. लाभक्षेत्र एका ठिकाणीं न लोटतां तें निरनिराळ्या गांवांत गटागटांनीं पसरावें; गटांतील सगळ्या जमिनींत एकदम ऊंस न करतां कांहीं भागांत ऊंस आणि बाकीच्या भागांत कमी पाण्याचीं पिकें अशी फेरपालट ठेवावी; पाण्याचा करार कांहीं वर्षांचा असावा; आणि पाणी मोजक्या मुखांतून, ठरलेल्या पाळीनें, मापानें द्यावें. बागाईतदारांनीं आरंभीं विरोध केला. ज्यांस पाणी मोकळें मिळत होतें त्यांस माप कशाला रुचावें? तथापि नीरेच्या कालव्यावर ही पद्धति अंमलांत आली, आणि १९०१ ते १९०३ या काळांत देशभर फिरलेल्या पाटबंधारे मंडळानें तिची प्रशंसा केली.

या नियमाची गरज किती खरी होती हें जमिनीनेंच सिद्ध करून दाखविलें. जेथें उंसाला बेसुमार पाणी दिलें गेलें तेथें भूगर्भांतील पाणी वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि काळ्या भुईवर पांढरा थर दिसूं लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढें क्लॉड इंग्लिस यांनीं दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याचा व पाण्याच्या मापाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. दुष्काळानें मेलेल्या मुलुखांत पाण्यानें जमीन मरावी, हा दैवदुर्विलास खरा. परंतु त्यांत दैवाचा भाग थोडा आणि अविचाराचा अधिक. पाणी पोंचविण्याचें साधन सुधारलें, पण किती घ्यावें हें सांगणारा नियम ढिला राहिला, तर साधन जितकें उत्तम तितका नाश लवकर. हा नीराकांठचा पहिला धडा.

दुसरा धडा विजेनें शिकविला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले, आणि उंसाची मागणी कालव्याला झेपेनाशी झाली. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत विजेचे खांब वाड्यावस्त्यांपर्यंत गेले, विहिरीवरची मोट थांबली आणि तिच्या जागीं मोटर आली. १९८० सालीं भीमेवरचें उजनी धरण पुरें झालें. इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवें त्याच्या पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ उन्हाळ्यांत पाणी हटलें म्हणजे अजून उघडें पडतें. पण ज्यांचीं शेतें वांचलीं त्यांच्या बांधापर्यंत जलाशय आला. कांठावर पंप बसवून मैल-मैल लांबीच्या नळांनीं पाणी वर चढवूं लागले. पाण्याचा कांठ ऋतूबरोबर मागें सरे, आणि त्याच्यामागें मोटर, केबल व नळ सरकवीत न्यावे लागत.

पाटकऱ्याचें राज्य येथें संपलें, असें शेतकऱ्यास वाटलें. खटका आपल्या हातीं, मन मानेल तेव्हां दाबावा. परंतु लवकरच कळून आलें कीं खटक्याच्या मागें दुसरा खटका आहे, आणि तो वीजकेंद्रांत आहे. विजेचा तुटवडा वाढला, भारनियमन आलें, आणि शेतीची वीज आठवड्यांतील कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं, आठ-दहा तास, असा क्रम लागला. रात्रीची पाळी म्हणजे मध्यरात्रीं उठून विहिरीवर जाणें. वाटेंत साप-विंचू, पायाखालीं चिखल, ओला हात आणि उघडा स्टार्टर. अलीकडे पुणें जिल्ह्यांतील उंसाच्या फडांत बिबट्याचीही धास्ती. विजेच्या धक्क्यानें किंवा सर्पदंशानें घरचा कर्ता पुरुष शेतांत गेला, ही बातमी त्या बाजूस नवलाची राहिली नाहीं.

यावर शेतकऱ्यांनीं स्वतःच एक तोड काढली : आपोआप चालू होणारा खटका, ज्याला सगळे ऑटो स्विच म्हणतात. वीज आली कीं पंप आपोआप सुरू. माणूस खुशाल झोंपलेला. एकट्यापुरती ही युक्ति अगदीं शहाणपणाची होती. परंतु चालू होतांना मोटर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. एका रोहित्रावर, म्हणजे खेड्यांतील भाषेंत एका डीपीवर, दहा-वीस पंप असतात. त्या सर्वांवर ऑटो स्विच असला तर वीज येतांच सगळे पंप एकाच क्षणीं उठतात, दाब कोसळतो, मोटरी तापतात आणि डीपी जळतो. मग आठ-पंधरा दिवस कोणालाच पाणी नाहीं. वीज कंपनी ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, अशीं आवाहनें वर्षानुवर्षें करीत आली. पण माझ्या एकट्याचा काढून काय होणार, या विचारानें कोणीच काढीत नसे. गटांतील प्रत्येकजण शहाणा आणि गट मात्र वेडा, असा हा प्रकार. कालव्याच्या वरच्या अंगास मनमुराद पाणी घेणाऱ्या बागाईतदाराचाच हा विजेंतला अवतार म्हणावयास हरकत नाहीं.

अशा वेळीं बिनतारीचा दुसरा उपयोग, बसुंनीं घंटा वाजवून दाखविलेला, नीराकांठीं येऊन पोंचला. पुण्याचे विद्युत-अभियंते संतोष ओस्तवाल यांनीं आपल्या आजोबांची पंपासाठीं होणारी पायपीट लहानपणीं पाहिली होती. तीच मनांत धरून त्यांनीं दूरवरून पंप चालविणारें साधन सिद्ध केलें आणि मोबाईल आल्यावर त्याला जोडलें. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणास २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. विस्कॉन्सिनचा नोकर आणि महाराष्ट्रांतला हा आजोबा यांच्यामध्यें सव्वाशें वर्षें आणि सात समुद्र आहेत. शोधाची माता मात्र एकच, थकलेले पाय. आज अशा तऱ्हेचीं साधनें अनेक कारखानदार करतात. त्यांची रचना सोपी आहे. स्टार्टरशेजारीं एक पेटी, पेटींत मोबाईलचें कार्ड. शेतकरी त्या क्रमांकावर फोन लावतो आणि ठरलेले आंकडे दाबतो. प्रत्येक आंकड्याचा सूर निराळा. तो सूर ओळखून पेटी स्टार्टरचा खटका ओढते. वीज आहे कीं नाहीं, पंप खरोखर चालू झाला कीं नाहीं, याचा उलट निरोपही ती देते. उजनीच्या कांठीं, जेथें पंप एका गांवांत आणि शेत दुसऱ्या गांवांत असतें, तेथें तिचें मोल कोणी सांगावयास नको.

ही सोय क्षुल्लक आहे असें कोणीं म्हणूं नये. रात्रीची एक फेरी वांचणें म्हणजे कधीं कधीं एक जीव वांचणें होय. ज्या घरांत मुलगे नोकरीसाठीं पुण्यास गेले आणि मागें म्हातारीं माणसें राहिलीं, किंवा जेथें शेतीचा भार एकट्या बाईवर पडला, तेथें ही पेटी म्हणजे घरांतला एक गडी आहे. शिवाय वीज असतांनाच आणि हवें तेव्हांच पंप चालवितां येत असल्यामुळें ऑटो स्विचची सबबही उरत नाहीं. परंतु कष्ट वांचले म्हणून पाणी व वीजही वांचली, असें धरून चालणें हा निराळा पक्ष आहे, आणि तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं.

येथें इमारतीची आणि शेताची तुलना उद्बोधक होईल. इमारतींत खटका ज्याच्या हातीं, विजेचें बिलही त्याच्याच नांवें. रिकाम्या खोलींतला दिवा विझला तर त्याचा लाभ मालकास महिनाअखेर रुपयांत मोजून मिळतो. म्हणून तेथें यंत्र आणि काटकसर यांची जोडी जमते. शेतांत ही गांठ तुटलेली आहे. १९७७ पासून आपल्या राज्यांत शेतीपंपांस वीज मीटरनें न मोजतां अश्वशक्तीच्या हिशेबानें ठोक दरानें देण्याचा प्रघात पडला. पुढें मीटर आले, पण सगळ्यांना नाहींत. २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस पांच वर्षांकरितां मोफत वीज जाहीर केली. पिचलेल्या शेतकऱ्यास त्यानें दिलासा मिळाला, हें निर्विवाद. पण पंप एक तास अधिक चालला तर त्याचा भार कोणावर पडतो? चालविणाऱ्यावर नाहीं. तो पडतो डीपीवरच्या शेजाऱ्यावर, शेजारच्या विहिरीच्या झऱ्यावर, आणि कालव्याच्या शेवटच्या गांवावर. जेथें खर्च दुसऱ्याचा आणि खटका आपला, तेथें खटका जितका जवळ येईल तितका तो अधिक वेळां दाबला जाईल. कोळसा जाळण्याचीं यंत्रें सुधारलीं म्हणजे कोळसा कमी न लागतां उलट अधिक खपतो, हें इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८६५ सालींच दाखवून दिलें होतें. पूर्वीं रात्रीं उठण्याचा आळस हाच पाण्यावरचा एक नकळत लगाम होता. तो निघाला, त्याच्या जागीं दुसरा कोणता घातला?

सरकारनें घातला तो वीजकेंद्रांतून. टंचाईच्या वर्षीं उजनीचें पाणी पिण्यासाठीं राखावयाचें असलें म्हणजे कांठावरच्या पंपांची वीज कमी तासांवर आणली जाते, आणि गांवागांवांतून ओरड होते. हातांत मोबाईल आहे, पेटी शाबूत आहे. पण पेटीचा उलट निरोप येतो कीं वीज नाहीं. पाटकऱ्याचें दार गेलें असें वाटलें होतें, तें असें अदृश्य होऊन परत आलें. फरक एवढाच कीं पाटकऱ्यास गाठून त्याच्याशीं भांडतां येत असे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. आतांपर्यंतचीं सर्व साधनें पंप कसा चालू करावा याचें उत्तर देत होतीं. तो चालू करावा कीं नाहीं, हें सांगणारीं साधनें आतां त्याच मुलुखांत येऊं लागलीं आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषि विज्ञान केंद्रानें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साह्यानें उंसावर जे प्रयोग मांडले, ते २०२४ नंतर बरेच गाजले. शेतांत ओलावा मोजणारीं उपकरणें, जवळच हवेचें मान टिपणारें केंद्र, वरून उपग्रहाचीं छायाचित्रें, आणि या सर्वांचा मेळ घालून शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला : आज पाणी नको, अजून वापसा आहे. मॅन व इंग्लिस यांनीं खड्डे खणून आणि नळ्या रोवून जें ज्ञान मिळविलें, तें आतां रोजच्या रोज बिनतारीनें घरीं येतें. सौर पंपांवरही दूरवरून नजर ठेवण्याची सोय बसविलेली असते, आणि सौर ऊर्जेच्या योजनांमुळें शेतीस दिवसा वीज देण्याचा उद्योग चालू आहे. तो साधला तर रात्रीच्या पाळीचें संकट मुळांतच टळेल.

परंतु सल्ला म्हणजे नियम नव्हे. माझ्या शेताला आज पाणी नको, हें यंत्र सांगेल. तें वांचलेलें पाणी शेवटच्या गांवास जाईल कीं माझ्याच दुसऱ्या तुकड्यांत नव्या उंसाला जाईल, हें यंत्र ठरवूं शकत नाहीं. तें माणसांनीं एकत्र बसून ठरवावयाचें असतें. महाराष्ट्रास ही गोष्ट अपरिचित नाहीं. धुळें-नाशिककडील फड-पद्धतींत गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पिकें आणि पाण्याच्या पाळ्या आपसांत ठरविल्या, आणि त्यासाठीं त्यांस कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागली नाहीं. २००५ च्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस पाणी घनमापानें घेऊन तें सभासदांत वांटण्याचा अधिकार दिला आहे. विश्वेश्वरय्यांच्या गटाचेंच हें लोकसत्ताक रूप होय.

बिनतारी पेटी या कामीं उत्तम चाकर होऊं शकेल. एका डीपीवरच्या पंधरा शेतकऱ्यांनीं ठरविलें, तर वीज आल्यावर पंधरा पेट्यांनीं एकेक मिनिटाच्या अंतरानें पंप उठवावे, अशी योजना आजच्या आज करतां येईल, डीपी वांचेल. कोणाचा पंप किती तास चालला याची नोंद पेटींतच राहते; ती सर्वांस दिसेल अशी ठेवली तर निम्मीं भांडणें आपोआप मिटतील. चारीच्या मुखाशीं पाण्याचें माप घेऊन तें शेवटच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर पोंचविलें, तर पाणी मध्येंच कोठें मुरलें हें विचारण्यास त्याला आधार मिळेल. यांतील कोणत्याच गोष्टीला नवा शोध नको. संमति मात्र हवी, आणि ती बाजारांत विकत मिळत नाहीं.

म्हणून बारामतींत किती पंप मोबाईलवर चालतात या आंकड्यानें या विद्येचें यश मोजूं नये. उन्हाळ्याच्या शेवटच्या पाळीला इंदापूर तालुक्यांतील चारीच्या टोकाच्या शेतांत किती पाणी पोंचलें, आणि तें घेतांना कोणाला रात्रीं घराबाहेर पडावें लागलें कीं नाहीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरें दरवर्षीं गांवच्या चावडीवर लावावीं. कालव्यांत पहिलें पाणी आलें त्या दिवसापासून त्या गांवांनीं हाच हिशेब मागितला आहे.